साधनाचे लक्षण

यंत्रांचा इतिहास लिहिणारे पंडित बहुधा यंत्र घडविणाऱ्याच्या नावापाशी थांबतात. कोणी वाफ कोंडली, कोणी चाक फिरविले, कोणी विजेचा दिवा लावला, याची नोंद मिळते. पण त्या यंत्राशेजारी जो कागद ठेवलेला असे, हे काय करते, यात काय घालावे, यातून काय निघेल आणि हे केव्हा वापरू नये असे ज्यावर लिहिलेले असे, त्या कागदाच्या कर्त्याला इतिहासात सहसा जागा मिळत नाही. आम्ही कारकुनी पेशातले. आमची हयातच अशा कागदांत जावयाची. तेव्हा या उपेक्षित लेखनप्रकाराची थोडी विचारपूस आमच्या हातून झाली, तर वाचकांनी तो पेशाचा पक्षपात समजून गोड मानून घ्यावा.

विषय जुन्या कागदांचा असला तरी निमित्त आजचे आहे. गेल्या काही वर्षांत कृत्रिम बुद्धीच्या यंत्रांना नुसते बोलते न ठेवता कामाला लावण्याची प्रथा पडली आहे. पत्र पाठव, दप्तरातील कागद शोध, तिकीट काढ, हिशेब जुळव, अशी ही कामे. ती ते यंत्र स्वतःच्या हाताने करीत नाही, कारण त्यास हात नाहीत. त्याच्यापुढे काही साधनांची यादी मांडलेली असते, प्रत्येक साधनापुढे चार-दोन ओळींचे वर्णन असते, आणि त्या वर्णनावरून कोणते साधन केव्हा उचलावयाचे याचा निर्णय ते करते. अशा यंत्रास आज सर्वत्र एजंट म्हणतात. धन्याच्या वतीने व्यवहार पाहणाऱ्यास आपल्या भाषेत गुमास्ता हा जुना आणि नेमका शब्द आहे. दुकानांच्या कायद्यामुळे तो अजून लोकांच्या तोंडी आहे. आम्ही येथे तोच वापरू.

या गुमास्त्यासाठी लिहावयाचे वर्णन हा साहित्यातील अगदी नवा प्रकार, असे आजकाल पुष्कळांस वाटते. तसे ते नाही. त्याचे घराणे चांगले पाऊणशे वर्षांचे आहे. कित्येक जण ते याहूनही मागे नेतात आणि १८४३ साली एडा लव्हलेस हिने बॅबेजच्या नियोजित विश्लेषक यंत्रावर लिहिलेल्या टिपणांपासून आरंभ करतात. ती टिपणे थोर आहेत यात संशय नाही. परंतु ज्या यंत्राविषयी ती लिहिली ते कधी पुरे बांधलेच गेले नाही, आणि ती वाचणाऱ्याला ते वापरावयाचेही नव्हते. त्याला ते समजून घ्यावयाचे होते. समजावून सांगणे वेगळे आणि वापरावयास देणे वेगळे. म्हणून आम्ही आरंभ १९४९ साली केंब्रिजला करतो.

त्या वर्षी केंब्रिज विद्यापीठाच्या गणिती प्रयोगशाळेत मॉरिस विल्क्स यांच्या देखरेखीखाली बांधलेले 'एडसॅक' नावाचे विद्युत्-गणकयंत्र चालू झाले. ६ मे रोजी त्याने पहिला हिशेब पुरा केला. शून्यापासून नव्याण्णवपर्यंतच्या आकड्यांचे वर्ग, एवढाच तो हिशेब. पाढे पाठ असलेल्या पोरानेही घटकाभरात केला असता. सुमारे तीन हजार व्हॉल्व्ह, पाऱ्याने भरलेल्या लांब नळ्यांतून खेळत्या ठेवलेल्या ध्वनिलहरींची स्मृती, आणि सूचना देण्यासाठी भोके पाडलेली कागदी पट्टी, असा त्या यंत्राचा थाट होता. यंत्र चालू झाले आणि थोड्याच दिवसांत एक कटू सत्य त्या मंडळींच्या ध्यानात आले. यंत्र बांधणे अवघड खरे, पण त्यास बिनचूक सूचना लिहून देणे त्याहून कमी अवघड नाही. जिन्यात असताना एकदा आपल्या मनात लख्ख प्रकाश पडला की, उरलेल्या आयुष्याचा बराच भाग आता स्वतःच्याच सूचनांतील चुका हुडकण्यात जाणार, अशा अर्थाची आठवण विल्क्स यांनी पुढे लिहून ठेवली आहे.

यावर त्यांनी जो उपाय काढला तो कोणत्याही दप्तरदारास पटेल असा होता. भागाकार, वर्गमूळ, त्रिकोणमितीतील कोष्टके, उत्तर छापून काढणे, ही कामे प्रत्येक हिशेबात पुन्हा पुन्हा लागतात. मग ती प्रत्येकाने नव्याने का लिहावीत? एकदाच नीट लिहावीत, तपासावीत, त्यांच्या पट्ट्या कपाटाच्या खणांत वर्गवारीने ठेवाव्यात, आणि ज्याला जी हवी त्याने तिची नक्कल आपल्या पट्टीत उतरवून घ्यावी. अशा तयार सूचनासंचास सबरूटीन हे नाव पडले. भागाकाराला डी, लॉगरिदमला एल, मुद्रणाला पी, त्रिकोणमितीला टी अशी अक्षरे दिली गेली. १९५१ पर्यंत त्या संग्रहात ८७ सबरूटीने जमली होती. त्याच वर्षी विल्क्स, डेव्हिड व्हीलर आणि स्टॅन्ली गिल या तिघांनी त्यांवर ग्रंथ प्रसिद्ध केला. संगणकासाठी सूचना कशा लिहाव्या या विषयावरचा तो पहिला ग्रंथ मानतात, आणि संग्रहातील सबरूटीनांची वर्णने हा त्यातील एक मोठा भाग आहे.

या वर्णनांत काय असे, हे पाहण्यासारखे आहे. सबरूटीन काय करते हे तर असेच. पण त्याबरोबर स्मृतीतील किती जागा ते व्यापते, किती वेळ घेते, त्यास द्यावयाची संख्या कोठे ठेवावयाची आणि उत्तर कोठे सापडेल, हेही लिहिलेले असे. यातली एकही बाब हौसेची नव्हती. या यंत्रात मुळात उणे एक आणि एक यांच्या दरम्यानच्याच संख्या मावत. त्यामुळे शंभराचा हिशेब करावयाचा तर प्रत्येक संख्येस योग्य प्रमाणात लहान करून आत पाठवावे लागे आणि उत्तर त्याच प्रमाणात मोठे करून वाचावे लागे. प्रमाणाविषयीची ओळ वर्णनातून गळली, तर यंत्र कुरकुर न करता चुकीचे उत्तर छापून देई. सांगकाम्या नोकराचा हाच मोठा धोका असतो. तो चुकला हे त्याच्या चेहऱ्यावरून कळत नाही.

शिवाय हे यंत्र वापरणारे सगळेच काही गणकयंत्राचे जाणकार नव्हते. प्रथिनाच्या रेणूची रचना शोधणारे जॉन केंड्र्यू यांनी आपले प्रचंड हिशेब याच यंत्रावर केले. त्यांना पुढे १९६२ साली रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. अशा माणसाला सबरूटीनच्या पोटात काय आहे हे पाहण्यास सवड नव्हती आणि गरजही नव्हती. त्याला वर्णनावर विसंबावे लागे.

१९५२ च्या मे महिन्यात अमेरिकेतील पिट्सबर्ग येथे भरलेल्या संगणक-परिषदेत व्हीलर यांनी सबरूटीनांवर एक निबंध वाचला. निबंध अवघा दोन पानांचा. व्हीलर तेव्हा पंचवीस वर्षांचे होते. सबरूटीन लिहून झाले, तपासून झाले, तरी काम संपत नाही, असे त्यांनी त्यात स्पष्ट सांगितले आहे. ज्याला आतली रचना ठाऊक नाही अशा माणसाला ते सहज वापरता यावे असे त्याचे वर्णन लिहिणे अजून बाकी असते, आणि हेच काम कदाचित सर्वांत कठीण ठरेल, असा त्यांचा अभिप्राय होता. या निबंधातील युक्त्या आज संगणकाच्या विद्यार्थ्यास बाळगुटीबरोबर मिळतात. वर्णनाविषयीचे ते वाक्य मात्र फारच थोड्यांच्या लक्षात राहिले. आमच्या मते या सबंध विद्येचे बीज त्या एका वाक्यात आहे.

हे काम कठीण का, याचे उत्तर व्हीलर यांनी विस्ताराने दिलेले नाही. पण ज्याने कधी एखाद्या नव्या माणसाला कचेरीचे काम समजावून दिले असेल त्याला ते सांगावे लागणार नाही. करणाऱ्याला आपल्या कामातील जे सर्वांत परिचयाचे झालेले असते ते दिसेनासे होते. 'आवक फाइल वर पाठवावी' असे आम्ही लिहितो. वर म्हणजे कोणाकडे, हे आम्हांला इतके ठाऊक असते की ते लिहिण्याचे सुचत नाही.

यानंतरची वीस वर्षे आम्ही ओलांडून जातो. यंत्रे पुष्कळ वाढली आणि त्यांच्या पुस्तिकाही वाढल्या. पण जाडी वाढली म्हणून प्रकाश वाढला असे झाले नाही. १९७१ साली मात्र बेल प्रयोगशाळेत केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी युनिक्स या प्रणालीची पहिली माहितीपुस्तिका तयार केली. तिच्यावर ३ नोव्हेंबर १९७१ ही तारीख आहे. तीत प्रत्येक आज्ञेला स्वतंत्र पान होते आणि प्रत्येक पानाचा साचा एक होता: नाव, वापरण्याची रीत, वर्णन, संबंधित फाइली, हेही पाहा, 'दोष' वगैरे. लेखकाने आपल्या साधनाचे दोष त्याच पानावर स्वतःच्या हाताने लिहून द्यावयाचे, हा रिवाज आम्हांला त्या सबंध प्रणालीतील सर्वांत सुसंस्कृत भाग वाटतो. विकणाऱ्याने मालाच्या वेष्टनावर मालातील उणीव लिहावी, असा बाजार आम्ही तरी अजून पाहिलेला नाही.

त्याच प्रयोगशाळेतील डग मॅकइलरॉय यांनी पुढे एक मौजेची हकीकत सांगितली. पुस्तिकेची नवी आवृत्ती निघावयाची वेळ आली की तेथे एकच धांदल उडे. एखाद्या आज्ञेचा वेडावाकडा स्वभाव कागदावर उतरवू लागले की लिहिणाऱ्यालाच लाज वाटे, आणि हे छापावे कसे, म्हणून तो वर्णन सुधारण्याऐवजी आज्ञाच सुधारी. जे नीट सांगता येत नाही ते बहुधा नीट घडलेलेच नसते, हे त्या मंडळींना पुस्तिका लिहिता लिहिता उमगले.

पुढच्याच वर्षी, १९७२ साली, डेव्हिड पार्नास यांनी या लेखनाला एक कठोर कसोटी लावून दिली. वापरणाऱ्याला साधन बरोबर वापरण्यास जेवढे लागते तेवढे सगळे वर्णनात असावे, आणि त्यापलीकडे काही असू नये. पहिला अर्धा भाग सर्वांना पटतो. दुसरा पटत नाही. अधिक सांगितले तर काय बिघडले, असे वाटते. बिघडते ते असे की, वाचणारा त्या जादा माहितीवर विसंबू लागतो. आज साधनाच्या पोटात जे आहे ते उद्या बदलते, आणि त्याच्या आधाराने रचलेले सगळे कोसळते.

येथे आम्हांला आपल्याकडील न्यायशास्त्राची आठवण होते. तर्कसंग्रह आणि त्यावरील दीपिका शिकणाऱ्या विद्यार्थ्याला लक्षणाचे तीन दोष सांगतात. गाय म्हणजे शिंगे असलेला प्राणी, असे लक्षण केले तर म्हैसही गाय ठरते, ही अतिव्याप्ती. गाय म्हणजे तांबूस रंगाची, असे म्हटले तर पांढरी गाय बाहेर राहते, ही अव्याप्ती. आणि गाय म्हणजे एका खुराची, असे म्हटले तर ते एकाही गाईस लागू पडत नाही, हा असंभव. याचा अर्थ आमच्या पूर्वजांना संगणक ठाऊक होता असा मुळीच नव्हे. तसले दावे करणारे सद्गृहस्थ आम्हांला दिल्लीच्या बसमध्येही भेटतात, आणि त्यांना दुरूनच नमस्कार करणे आम्ही पसंत करतो. म्हणणे एवढेच की, थोड्या शब्दांत वस्तूची अचूक हद्द आखणे हा प्रश्न जुना आहे, आणि त्याच्या चुका कोणत्या हे ज्यांनी बसून शोधले त्यांची शब्दसंपदा आज कामाची आहे. ती कशी, ते पुढे येईल.

वर्णनातील उणिवेची किंमत किती होऊ शकते याची दोन उदाहरणे गेल्या शतकाच्या अखेरीस जगाने पाहिली.

पहिले ४ जून १९९६ चे. युरोपचे एरियान-५ हे नवे अग्निबाण-यान दक्षिण अमेरिकेतील कुरू येथून पहिल्यांदाच उडाले आणि चाळिसाव्या सेकंदाच्या आत आपल्या मार्गावरून ढळून फुटले. त्याबरोबर चार वैज्ञानिक उपग्रहही गेले. चौकशी समितीचे अध्यक्ष जाक-लुई लियोंस यांच्या अहवालात कारण नमूद आहे. दिशा राखणाऱ्या संचातील सूचना आधीच्या एरियान-४ वरून जशाच्या तशा उचलल्या होत्या. त्यांत आडव्या वेगाशी निगडित एक संख्या लहान खान्यात बसविली जात असे. जुन्या यानाचा वेग बेताचा, म्हणून ती संख्या त्या खान्यात मावे. नव्याचा वेग अधिक, म्हणून मावली नाही. संच बंद पडला. त्याचा जोडीदार म्हणून दुसरा तसाच संच होता. तोही त्याच कारणाने बंद पडलेला. आणखी दुर्दैव असे की, सूचनांचा तो भाग केवळ उड्डाणापूर्वी उपयोगाचा होता. ही संख्या अमुक मर्यादेपलीकडे जाणार नाही, हा विचार मूळ कर्त्यांनी केलेला होता. पण तो सूचनांपाशी लिहिलेला नव्हता. कागदपत्रांच्या ढिगात कोठेतरी गडप झालेला होता. पुढच्या वर्षी जाँ-मार्क झेझेकेल आणि बर्ट्रांड मेयर यांनी लिहिले की साधनाच्या अटी साधनाला चिकटवून लिहिल्या असत्या तर हा अनर्थ टळता. यावर वाद झाला, आणि केवळ अट लिहिल्याने ती कोणी वाचली असती कशावरून, हा प्रतिपक्षाचा प्रश्न रास्त होता. तरीही न लिहिलेली अट कोणीच वाचू शकत नाही, एवढे तर खरे.

दुसरे उदाहरण १९९९ चे, आणि ते त्या प्रतिपक्षाच्या बाजूचे आहे. २३ सप्टेंबर रोजी अमेरिकेचे मंगळाकडे गेलेले एक उपग्रहयान मंगळाच्या फार जवळून गेले आणि कायमचे हरवले. पृष्ठभागापासून सुमारे २२६ किलोमीटरवरून जावयाचे ते मागाहून केलेल्या हिशेबाप्रमाणे सुमारे ५७ किलोमीटरवर उतरले होते. जमिनीवरील एका कार्यक्रमाने इंजिनाच्या धक्क्यांचे आकडे पौंडाच्या मापात दिले; घेणाऱ्या कार्यक्रमाने ते न्यूटनचे समजून घेतले. दोन्हींत सुमारे साडेचार पटींचा फरक. मापे मेट्रिक असावीत, असे उभयतांमधील करारपत्रात लिहिलेले होते. वर्णन होते, पण आकडा मात्र एकटाच प्रवास करीत होता. त्याच्या अंगावर मापाचे नाव नव्हते. आकड्याने आपले माप बरोबर घेऊन फिरावे, म्हणजे खान्याचे नाव नुसते 'धक्का' न ठेवता 'धक्का, न्यूटन-सेकंदांत' असे ठेवावे, ही रीत कारकुनी वाटते खरी. पण तेवढ्यासाठी एक यान गेले.

आता आम्ही आजच्या गुमास्त्याकडे येतो.

२०२२ च्या ऑक्टोबरात काही संशोधकांनी भाषेच्या यंत्राकडून आळीपाळीने विचार आणि कृती करवून घेण्याची रीत दाखविली. १३ जून २०२३ रोजी ओपनएआय या कंपनीने आपल्या मॉडेलांना बाहेरील साधने बोलाविण्याची सोय दिली. २५ नोव्हेंबर २०२४ रोजी अँथ्रॉपिक या कंपनीने मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल या नावाची, कोणत्याही गुमास्त्यास कोणतेही साधन एकाच पद्धतीने जोडता यावे अशी, खुली संहिता प्रसिद्ध केली. या सर्वांत साधनाची ओळख देण्याचा साचा जवळपास एकच आहे: साधनाचे नाव, त्याचे वर्णन, आणि त्यास कोणकोणत्या बाबी पुरवावयाच्या त्यांची नावे व प्रकार. गुमास्ता ते वाचतो आणि अमुक साधन अमुक बाबी देऊन चालवावे, असे लिहून देतो. बाहेरचा कार्यक्रम ते चालवितो आणि निकाल त्याच्यापुढे ठेवतो. युनिक्सच्या पानाशी याचे साम्य उघड आहे. फक्त 'दोष' हा रकाना या साच्यात उरलेला नाही.

बदलला आहे तो वाचक. केंब्रिजच्या त्या कपाटापाशी उभा असलेला माणूस वर्णन कळले नाही तर शेजारच्या खोलीत जाऊन व्हीलर यांना विचारू शकत होता. अगदीच अडले तर पट्टी उलगडून आतल्या सूचना वाचू शकत होता. आमचा गुमास्ता यांपैकी काही करीत नाही. साधनाचे पोट त्यास सहसा दिसत नाही. कालचे काम त्यास आज आपोआप आठवत नाही; सकाळी प्रथमच रुजू झालेल्या उमेदवारासारखा तो प्रत्येक वेळी त्याच चार ओळींपुढे उभा राहतो. आणि अडून बसण्यापेक्षा तर्काने पुढे जाण्याकडे त्याचा कल असतो. सबरूटीनच्या वर्णनात चूक असली तर माणूस अडखळे. येथे गुमास्ता अडखळत नाही. तो चुकीचे पत्र पाठवून मोकळा होतो.

न्यायशास्त्रातील तिन्ही दोष येथे जसेच्या तसे भेटतात. 'माहिती शोधण्यासाठी वापरावे' असे एखाद्या साधनाचे वर्णन केले की गुमास्ता हवामानापासून पगारापर्यंत प्रत्येक प्रश्न घेऊन त्याच साधनाकडे धावतो, ही अतिव्याप्ती. जे साधन निवृत्तीचे आणि बदलीचे असे दोन्ही अर्ज दाखविते त्याचे वर्णन 'निवृत्तिवेतनाचे अर्ज दाखविते' एवढेच केले, तर बदलीच्या अर्जाविषयी विचारता गुमास्ता विनयाने सांगतो की अशी माहिती उपलब्ध नाही, ही अव्याप्ती. आणि साधन बदलले पण वर्णन जुनेच राहिले, म्हणजे असंभव. हा तिसरा दोष सर्वांत जास्त आढळतो, कारण साधन बदलणाऱ्याचे कौतुक होते, वर्णन बदलणाऱ्याकडे कोणी पाहत नाही. नावाचीही हीच गत. 'नोंद अद्ययावत करा' या नावाखाली नोंद पुसून नवी लिहिणारे साधन दडलेले असले, तर नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा, आणि तो वाळाही दुसऱ्याच्या हातचा.

बाबींच्या नावांविषयी आम्हांला थोडे आपुलकीने लिहावेसे वाटते, कारण येथे आमच्या पेशाचा अनुभव आहे. एका कचेरीतील नोंदवहीत 'दिनांक' असा एक रकाना होता. एवढेच नाव. एक लिपिक त्यात अर्जावरची तारीख लिही, दुसरा अर्ज कचेरीत पोहोचल्याची, तिसरा तो आपल्या टेबलावर आल्याची. तिघेही प्रामाणिक होते. त्या वहीच्या आधारे एका विधवा बाईंचा कुटुंब-निवृत्तिवेतनाचा अर्ज मुदतीनंतरचा ठरला. टपालाचा शिक्का असलेले पाकीट मुलाने जपून ठेवले होते, म्हणून तो पुढे मान्य झाला. त्यात आठ महिने गेले. त्या आठ महिन्यांत त्या घरात काय झाले असेल याची नोंद कोणत्याही वहीत नाही. आता हाच रकाना याच नावाने गुमास्त्याच्या साधनात गेला, आणि दिवसाला पाच नव्हे तर पाच हजार अर्ज त्यावरून मुदतीत किंवा मुदतीबाहेर ठरू लागले, तर? पाकीट जपून ठेवणारा मुलगा प्रत्येक घरात असेलच असे नाही. 'अर्ज कचेरीत मिळाल्याचा दिनांक' एवढे चार शब्द लिहावयास लागतात.

या धंद्यातील कारागीरही आता याच निष्कर्षाला येऊ लागले आहेत. २०२४ साली प्रिन्स्टन येथील संशोधकांनी मॉडेल तेच ठेवून फक्त त्याच्या हाती दिलेल्या साधनांची घडण सुधारली: फाइल एका वेळी शंभर ओळींचीच दाखवावी, चुकीची दुरुस्ती स्वीकारू नये, वगैरे. तेवढ्याने काम पुष्कळ सुधारले. अँथ्रॉपिकच्या मंडळींनी त्याच वर्षाच्या डिसेंबरात लिहिले की गुमास्त्यास द्यावयाच्या मुख्य सूचनेपेक्षा त्याच्या साधनांवर आमचा अधिक वेळ गेला. त्यांचा गुमास्ता एका दालनातून दुसऱ्यात गेला की फाइलीचा पत्ता चुकू लागे, कारण पत्ता तो ज्या ठिकाणी आहे तेथून मोजला जाई. पत्ता नेहमी मुळापासून पुरा द्यावा, अशी साधनाचीच अट करून टाकली आणि चूक बंद झाली. घराचा पत्ता 'कोपऱ्यावरून डावीकडे' असा न देता गाव, पेठ, घरक्रमांक असा द्यावा, हे आपल्या टपालखात्याने पिढ्यान्‌पिढ्या शिकविले आहे. २०२५ साली त्यांनीच असाही सल्ला दिला की संघात नव्याने आलेल्या माणसाला जसे समजावून सांगाल तसे वर्णन लिहा. हा सल्ला वाचून आम्हांला समाधान वाटले आणि थोडा मत्सरही. आमच्या खात्यांतील हेडक्लार्क हे पूर्वीपासून करीत आले आहेत आणि त्यांना कोणी अभियंता म्हटले नाही.

मीमांसकांनी वेदवाक्यांची वाटणी करताना विधी, निषेध आणि अर्थवाद असे भेद केले. करावे ते सांगणारा विधी, करू नये ते सांगणारा निषेध, आणि स्तुतिनिंदेने भर घालणारा अर्थवाद. आज बाजारात मिळणाऱ्या साधनांची वर्णने या नजरेने वाचली तर अर्थवादच फार. हे साधन अत्यंत प्रभावी आहे, वेगवान आहे, सर्वांना उपयुक्त आहे. विधी थोडा. निषेध, म्हणजे हे केव्हा वापरू नये, जवळपास नाहीच. स्तुतीने गिऱ्हाईक भुलते तसा गुमास्ताही भुलतो, आणि दोन सारख्या साधनांतून अधिक फुशारकी मारणारे उचलतो.

याहून गंभीर एक गोष्ट २०२५ च्या एप्रिलमध्ये पुढे आली. गुमास्त्याच्या दृष्टीने वर्णन ही नुसती माहिती नसते. तो ते सूचना म्हणूनही वाचतो, आणि सूचना म्हटली की तिच्यात कोणीही हात घालू शकतो. मराठी वाचकाला येथे शनिवारवाडा आठवेल. ३० ऑगस्ट १७७३ रोजी नारायणराव पेशव्यांचा तेथे खून झाला, आणि 'धरावे' अशी चिठ्ठी असता कोणीतरी 'ध'चा 'मा' केला ही आख्यायिका तेव्हापासून चालत आली आहे. तिच्या खरेखोटेपणाचा निवाडा येथे करावयाचा नाही. पण तिच्यातले यंत्र ओळखीचे आहे: हुकूम वाचणारा गारदी हुकूम देणाऱ्याला विचारावयास परत जात नाही. स्वित्झर्लंडमधील इन्व्हेरियंट लॅब्ज या संस्थेच्या संशोधकांनी प्रयोगादाखल एक साधन बनविले. त्याचे काम दोन संख्यांची बेरीज करणे. वर्णनाच्या पहिल्या ओळीत तसेच लिहिले होते. खालच्या ओळींत मात्र असे होते की, बेरीज करण्यापूर्वी धन्याच्या संगणकावरील गुप्त किल्ल्यांची फाइल वाचावी, तिचा मजकूर एका जादा बाबीत भरून द्यावा, आणि याविषयी धन्यास काही बोलू नये. वर्णन सबंध वाचणारा फक्त गुमास्ता होता. धन्याच्या पडद्यावर साधनाचे थोडक्यात दर्शन होई. गुमास्त्याने सांगितल्याप्रमाणे सर्व केले.

साधनाच्या स्वभावाविषयीचे वर्णन विश्वासू ठिकाणाहून आलेले नसेल तर ते अविश्वासार्ह मानावे, आणि साधन चालविण्यापूर्वी धन्याची संमती घ्यावी, असे त्या खुल्या संहितेत लिहिलेले आहे. ती संमती देताना धन्याने वर्णन शेवटच्या ओळीपर्यंत वाचावयाचे असते. प्रयोगातली बेरीज, अर्थात, बरोबर आली होती.